फाटण्याची मजुरी

निळीचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही. डेनिमची सगळी गोष्ट इथून सुरू होते. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रसायनं घालून आधी तिला विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं. त्या हौदात सुताचे दोर बुडवून वर काढले की ते पिवळट हिरवे दिसतात आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळे व्हायला लागतात. पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा द्यायची. असं पाच-सात वेळा झालं की धाग्याच्या अंगावर गडद निळा थर चढतो. आतला कापूस मात्र पांढराच राहतो.

हे निळं सूत ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावतात आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, पांढरा ठेवतात. आमच्या सांगली जिल्ह्यात विट्याच्या, किंवा पलीकडे इचलकरंजीच्या मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागणार नाही. ताण्याचा धागा तीन बाण्यांवरून जातो आणि एकाखालून, त्यामुळे कापडाच्या सुलट बाजूला निळाई येते आणि उलट बाजू पांढुरकी राहते. मग ती पँट कुणीतरी घालतं. उकिडवं बसतं, ओझं मांडीवर टेकवतं, सायकल मारतं. जिथं घासतं तिथला निळा थर झिजून आतला कापूस दिसायला लागतो. मागच्या खिशावर पाकिटाची चौकट उमटते. गुडघ्यामागे आणि जांघेत, जिथं कापड रोज त्याच जागी दुमडतं, तिथं रेघा पडतात. शेवटी गुडघ्यावरचे उभे निळे धागे तुटतात आणि आडवे पांढरे तेवढे तग धरून राहतात. फाटक्या जीन्सच्या भोकात पांढरे दोरे आडवे ताणलेले दिसतात, ते हे.

एकाच गठ्ठ्यातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन पँटी दोन वर्षांनी सारख्या दिसत नाहीत, कारण त्या घालणारी माणसं सारखी उठत-बसत नाहीत. अंगाच्या सवयींची इतकी नेमकी नोंद ठेवणारं दुसरं कापड माझ्या पाहण्यात नाही. मला डेनिम आवडतं ते यासाठी. आणि ही नोंद दुकानात विकत मिळायला लागली तेव्हा नेमकं काय घडलं, हे म्हणूनच समजून घ्यावंसं वाटत आलं आहे.

आमच्या घरात झिजलेलं कापड दाखवायची रीत नव्हती. आज्जी आटपाडीकडची, माणदेशातली. नऊवारी लुगडं बसून-उठून मधोमध विरायचं. मग तो विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन धड टोकं एकमेकांना जोडून शिवायची. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं असं नेसायचं की जोड आत लपला पाहिजे, आणि ते कसब आज्जीच्या हातात होतं. आई सांगते, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जातानासुद्धा आज्जी पहाटेच्या अंधारात चाचपून दंडाची बाजू आत घ्यायची. दिवसभर धुरळ्यात बसायचं होतं, संध्याकाळी लुगड्याचा मूळ रंगही ओळखू येणार नव्हता, तरी. लुगडं त्याही पलीकडे गेलं की वाकळेत जायचं. वाकळ विरली की तिचं पोतेरं व्हायचं. टाकून देणं ही पायरी त्यात कुठं नव्हतीच.

दादाच्या शाळेच्या खाकी चड्डीला मागे दोन गोल ठिगळं असायची. पोरं त्याला ‘चष्मा’ म्हणून चिडवायची. ठिगळाचा रंग वेगळा दिसू नये म्हणून आई चड्डीच्याच आतल्या दुमडीतून तुकडा काढायची. ठिगळ जितकं कमी दिसेल तितकी तिची शिवण चांगली, असा हिशेब होता.

हा संकोच केवळ पैसे नसण्याचा नव्हता. आपल्याकडे कपड्यावरून माणसाची जात आणि पायरी ठरवली जायची आणि त्याप्रमाणे त्याला ओटीवर घ्यायचं की अंगणात उभं करायचं ते ठरायचं. १९२७ साली महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले, ते लुगडं नेसण्याविषयी आणि दागिन्यांविषयी. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण सोडा, ते जडजड दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं आणि बायकांनी तिथंच नेसण बदलली. हे लक्षात घेतलं की आज्जीनं अंधारात चाचपून आत घेतलेल्या दंडाचा अर्थ वेगळा दिसायला लागतो. धड, नीटनेटका कपडा हा इथल्या लाखो माणसांनी मिळवलेला हक्क आहे. फाटकं घालून मोकळेपणानं फिरता येतं ते त्याला, ज्याला फाटक्यात बघून कुणी दारात अडवणार नाही.

जीन्सचा जन्मसुद्धा न फाटण्यासाठी झाला. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. १८७० च्या सुमारास एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या पँटी टिकत नाहीत, न उसवणारी शिवून द्या, एवढंच तिचं मागणं होतं. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथं ताण येतो तिथं, तांब्याचे रिबिट ठोकले. पँट गाजली. पेटंटची फी भरायला एकट्याचे पैसे पुरत नव्हते, म्हणून त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या कापडव्यापाऱ्याला, लेव्ही स्ट्रॉसला, पत्र लिहिलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट मिळालं. एका कष्टकरी घरातल्या बाईची अडचण त्या रिबिटाच्या मुळाशी आहे, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. आईनंही त्या शिंप्याला हेच सांगितलं असतं.

पुढचं भराभर सांगते, कारण ते बहुतेकांना थोडंफार ठाऊक असतं. खाणीतली आणि रानातली ही पँट सिनेमातल्या काउबॉयच्या अंगावर गेली. १९५० च्या दशकात बंडखोर पोरांनी ती उचलली आणि अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी तिच्यावर बंदी घातली. १९६० च्या दशकात हिप्पी जुन्या जीन्सवर रंगीबेरंगी ठिगळं लावून, भरतकाम करून हिंडू लागले. १९७० च्या दशकात लंडनमध्ये किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लेरन यांच्या दुकानाभोवती पंक मंडळी जमली. त्यांनी कपडे मुद्दाम फाडले आणि सेफ्टी पिनांनी जोडले. या सगळ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांनी स्वतःचे कपडे स्वतःच्या हातानं फाडले. घरच्यांना, शाळेला, सरकारला त्यांना काही सांगायचं होतं आणि ते त्यांनी अंगावर घेऊन सांगितलं. त्या फाटण्याची किंमत तिसऱ्या कुणी मोजली नाही.

सांगलीत जीन्स आमच्या घरी आली ती मात्र कोरी करकरीत, गडद आणि पुठ्ठ्यासारखी कडक. १९९५ च्या सुमारास अरविंद मिल्सनं ‘रफ अँड टफ’ नावाचा संच काढला होता. एका पिशवीत डेनिमचं कापड, चेन, बटण, रिबिट आणि मागे लावायचा कातडी पट्टा. किंमत १९५ रुपये. जाहिरातीत अक्षय कुमार. तयार ब्रँडेड जीन्स ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्या गावोगावच्या पोरांनी ही पिशवी घ्यायची आणि आपल्या शिंप्याकडून आपल्या मापाची पँट शिवून घ्यायची. माझ्या मते आपल्या देशात कपड्याच्या धंद्यात निघालेल्या फार शहाण्या कल्पनांपैकी ही एक. तिनं गावच्या शिंप्याला बाजूला सारलं नाही, उलट त्याच्या हाताला नवं काम दिलं. दादानं आणलेली पिशवी गावभागातल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेली. जोडशिवणीच्या जागी कापडाचे थर एकावर एक आले की सुई मोडायची, म्हणून त्यांनी जाड सुई आणवून घेतली होती. पँट अंगावर चढली त्या दिवशी दादा घरात बसूनच राहिना.

आई ती पँट नेहमी उलटी करून सावलीत वाळत घालायची. रंग जाऊ नये म्हणून. सिअ‍ॅटलच्या गायक-वादकांची फाटक्या गुडघ्यांची जीन्स तोवर जगभर पोचली होती आणि नव्या पँटीचा रंग घालवण्यासाठी कारखाने दिवसरात्र चालत होते. हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आईचा विश्वास बसला नसता.

फाटकी जीन्स आमच्या घरात प्रत्यक्ष आली ती पुढच्या पिढीबरोबर. भाची कॉलेजात जायला लागली आणि दिवाळीला तिनं दोन्ही गुडघे उघडे असलेली पँट आणली. दादा काही बोलला नाही, वहिनीनं नाक मुरडलं. आईनं मात्र चष्मा लावून ती पँट मांडीवर घेतली. आयुष्यभर मशीनवर बसलेली बाई. तिनं त्या भोकातल्या पांढऱ्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं, कडा उलटून पाहिल्या आणि म्हणाली, “हे फाटलेलं न्हाई. उभे दोरे एकेक करून काढल्यात. बाण्याला धक्का लावलेला न्हाई.” मग भाचीकडे बघून विचारलं, “याची मजुरी किती मिळत असंल गं त्या माणसाला?”

आईच्या त्या प्रश्नामुळे मी या विषयाच्या मागे लागले.

आईनं बरोबर ओळखलं होतं. कारखान्यात गुडघ्यावर दोन आडवे छेद देतात आणि मधले निळे उभे धागे उपसून काढतात. पण त्याआधी बरंच काही होतं. १९७० च्या दशकात पँटी मोठ्या ड्रममध्ये प्यूमिस दगडांबरोबर घुसळून धुवायला सुरुवात झाली. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीतून आलेला हलका, सच्छिद्र दगड. दगडानं घासून निळा थर उतरतो, ही स्टोनवॉश. १९८० च्या दशकात तेच दगड ब्लीचमध्ये भिजवून कोरडे घुसळू लागले आणि पांढऱ्या ढगांची अ‍ॅसिडवॉश निघाली. त्याच दशकाच्या शेवटी एंझाइम आले, ते सुताचा वरचा पापुद्रा खातात आणि दगडांचं काम हलकं करतात. मांडीवरच्या रेघा हव्या असतील तर पँट हवा भरलेल्या रबरी पायावर चढवतात आणि कामगार सँडपेपरनं एकेक रेघ घासतो. जिथं जास्त पांढरं हवं तिथं पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात. साथीच्या दिवसांत गावच्या विहिरीत जे जांभळं औषध टाकायचे, तेच. विहिरीत ते चिमूटभर असायचं. इथं एका बंद खोलीत, पँटीमागून पँट, दिवसभर त्याचा फवारा उडतो आणि तोंडावर नीट मास्क नसेल तर तो नाकाघशात, छातीत जातो. आणि या साऱ्या धुण्याचं पाणी कुठंतरी जाऊन मिळतंच. आपल्या महाराष्ट्रात उल्हासनगरला जीन्सचा मोठा धंदा उभा राहिला आणि तिथल्या जीन्स धुण्याच्या युनिटांचं रंगीत पाणी वालधुनी नदीनं वर्षानुवर्षं सोसलं.

पण सगळ्यात भयंकर प्रकरण वाळूचं आहे. त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे.

वापरून मऊ पडलेल्या पँटीसारखा फिका रंग आणायला सर्वांत जलद आणि स्वस्त उपाय म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबानं तिच्यावर वाळू मारणं. जहाजाचा गंज उतरवायला, इमारतीच्या भिंती साफ करायला हे तंत्र पूर्वीपासून वापरात होतं. जीन्सवर ते आलं आणि २००० च्या आसपास तुर्कस्तानात त्याचे कितीतरी छोटे कारखाने निघाले. पुष्कळसे तळघरांत, नोंदणीशिवाय. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद. कामाला पूर्वेकडच्या गरीब खेड्यांतून इस्तंबूलला आलेली पोरं होती, काही तर पंधरा-सोळा वर्षांची. कित्येक जण त्याच कारखान्यात झोपायचे, म्हणजे झोपेतही तीच हवा. वाळूत सिलिका असते. तिचे बारीक कण फुफ्फुसात रुतून बसतात, फुफ्फुस आतून घट्ट होत जातं आणि श्वास पुरत नाही. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. खाणकामगाराला तो सहसा वीस-वीस वर्षांच्या कामानंतर गाठतो, या पोरांना त्यानं काही महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांत गाठलं. सुरुवातीला काहींवर क्षयरोग म्हणून उपचार झाले, कारण विशीतल्या पोराला, तेही कपड्याच्या धंद्यातल्या, सिलिकोसिस होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २००५ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी हे वैद्यकीय नियतकालिकांत मांडलं. आजारी कामगार स्वतः रस्त्यावर आले, संघटित झाले. २००९ मध्ये तुर्कस्ताननं जीन्सवर वाळू मारायला बंदी घातली. २०१० मध्ये लेव्हीज आणि एच अँड एम यांनी आपल्या मालासाठी हे तंत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये तुर्कस्तानात विमा नसलेल्या अशा कामगारांना पेन्शन देणारा कायदा झाला. पण तोवर हे काम बांगलादेश आणि चीनकडे सरकलं होतं.

एखादी पँट चार वर्षं वापरल्यासारखी दिसावी म्हणून एका पोराची पुढची चाळीस वर्षं गेली. हा हिशेब मांडताना आजही माझा हात थांबतो.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत जुन्या कपड्यांचा लिलाव झाला. पडीक खाणीत सापडलेली १८८० च्या दशकातली एक लेव्हीज पँट तिथं ७६,००० डॉलरला गेली, फी धरून ८७,४००. तिच्यावर मेणाचे डाग होते, कारण खाणकामगार मेणबत्तीच्या उजेडात काम करायचे. हे मात्र खरं झिजणं, खरा माणूस, खरे कष्ट. तो कोण होता हे पँटीवरून कळत नाही. खिशाच्या आत छापलेलं होतं ते एवढंच, की ही पँट बनवणारे मजूर फक्त गोरे आहेत. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्याची बंदी करणारा कायदा १८८२ चा, आणि त्या हवेत ही ओळ विक्रीला उपयोगी पडत होती. कापडावर कुणाचा हात फिरला याची विचारणा तेव्हाही होत होती, फक्त एका माणसाला हाकलून लावण्यासाठी.

आपल्याकडे फाटक्या जीन्सचा विषय निघाला की वेगळीच चर्चा होते. २०२१ च्या मार्चमध्ये उत्तराखंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी फाटकी जीन्स घातलेल्या एका बाईचे गुडघे पाहून संस्काराचा प्रश्न काढला आणि देशभर बायकांनी आपापल्या गुडघ्यांचे फोटो टाकले. २०२४ मध्ये मुंबईच्या एका महाविद्यालयानं फाटक्या जीन्सवर बंदी घातली. मला या बंद्या चुकीच्या वाटतात. पोरीचा गुडघा दिसला यानं कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तो गुडघा उघडा करणाऱ्या माणसाचं, आणि त्याच्याबद्दल या चर्चेत कधी शब्द निघत नाही. आणि भाचीला फाटक्या कपड्याची लाज वाटत नाही याचं मला खरोखर समाधान आहे. ठिगळ लपवण्याचं ओझं आमच्या घरात तिच्यापाशी येऊन संपलं. आज्जी आज असती तर तिनं नातसुनेची बाजू घेतली नसती, पणतीची घेतली असती.

फाटकं नेसून ताठ उभ्या राहिलेल्या माणसाचं उदाहरण आपल्याला परदेशात शोधायला नको. गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालायचे. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे. त्यांनी माणसांसाठी धर्मशाळा बांधून घेतल्या, रस्ते झाडले आणि स्वतःच्या अंगावर चिंध्याच ठेवल्या. आमच्या शेजारी कऱ्हाडला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली त्यांच्या नावानं महाविद्यालय सुरू केलं आणि माळरानावरच्या, ठिगळाच्या चड्डीतल्या कितीतरी पोरांना तिथं पदवी मिळाली. मला वाटतं, बाबांच्या समोर बसलेल्या सगळ्यात फाटक्या माणसालाही आपल्या कपड्याची लाज वाटू नये, एवढं त्या अंगरख्याचं काम होतं. त्या चिंध्या लोकांनी टाकलेल्या होत्या. त्यासाठी कुणाला तळघरात कोंडावं लागलं नव्हतं.

आता उपाय निघाले आहेत. लेझरच्या किरणानं निळा थर जाळून हव्या तशा रेघा पाडता येतात, ओझोन वायूनं रंग फिका करता येतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या जीनोलोजिया कंपनीनं अशी यंत्रं बनवली. २०१८ मध्ये लेव्हीजनं हाताऐवजी लेझरनं पँटी पुऱ्या करायची योजना जाहीर केली. त्यात माणसाचं फुफ्फुस वाचतं, आणि काही हातांचं काम जातं. मी यात फुफ्फुसाच्या बाजूची आहे. पण यंत्र महाग, आणि सँडपेपर घेऊन बसलेला माणूस स्वस्त, तोवर दोन्ही चालू राहणार.

भाचीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “आत्या, दुकानात ओळखायचं कसं?” एक खूण मला माहीत होती. लेझरच्या रेघा एकाच नमुन्यावरून पडतात, म्हणून एकाच मापाच्या दोन पँटी शेजारी ठेवल्या तर रेघेला रेघ जुळते. हातानं घासलेल्या दोन पँटी कितीही सराईत हाताच्या असल्या तरी कुठंतरी फरक पडतो. मारुती रोडवरच्या एका दुकानात तिनं काउंटरवर दोन-दोन पँटींच्या जोड्या मांडल्या. एक जोडी तंतोतंत जुळली. दुसरी जुळली नाही, एकीच्या डाव्या मांडीवर रेघा जरा खोल होत्या. आणि हीच दुसरी निम्म्या किमतीची होती.

दुकानदार आधी वैतागले, मग स्वतःच वाकून बघायला लागले. “ताई, गिऱ्हाईक कंबर विचारतं, स्ट्रेच आहे का विचारतं. हे आजवर कुणी विचारलं नाही.” भाचीनं विचारलं की हातानं घासणाऱ्यांना मास्क देतात का, हवा बाहेर खेचणारे पंखे असतात का. त्यांनी तिथूनच घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. माल उल्हासनगरचा निघाला. घासकाम कुठं होतं ते व्यापाऱ्यालाही सांगता येईना, वॉशिंगवाल्याला विचारून कळवतो म्हणाला. दुकानदारांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर भाचीचा नंबर लिहून घेतला, आणि आम्ही पुढच्या दुकानात शिरलो.